सुषमाची कबुली

"गरोदरपणात दारू घेत होतात का?" सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं. शेजारी माझी तेवीस वर्षांची लेक सुषमा बसलेली. मी खाली बघत म्हणाले, "व्हय. रोज."

त्यांनी कागदावर लिहिलं, फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर. म्हणजे आईनं घेतलेली दारू पोटातल्या बाळाला पोचते आणि त्याचा मेंदू जन्माआधीच दुखावतो; मग गोष्टी नीट समजत नाहीत, आठवत नाहीत. "हे बरं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण लहानपणी कळलं असतं, तर हिला सांभाळून घेता आलं असतं."

शाळेत तिला ढ म्हणायचे. मीही म्हणायचे. नवरा ईट गावाजवळ हातभट्टी लावायचा. सुषमा पोटात असताना, मळमळ थांबते म्हणून पहिला पेला त्यानं दिला. पुढचे मी स्वतः घेतले.

सुषमा येरमाळ्यात एका हॉटेलात भांडी घासायची. गेल्या वर्षी तिथं देवीला आलेल्या एका बाईची पर्स गेली आणि सुषमाच्या पिशवीत सापडली. कुणीतरी "धर जरा" म्हणालं, तिनं धरली. कोण, ते तिला सांगता येईना. पोलीस ठाण्यात तिनं तीन वेळा तीन गोष्टी सांगितल्या. साहेब मला म्हणाले, "लई पोचलेली हाय तुमची पोरगी."

कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल आहे का. व्हय म्हटलं की घरी सोडतील, असं तिला वाटलं. सहा महिन्यांची कैद झाली.

तुरुंगात कैद्यांना भेटायला येणाऱ्या एका वकीलबाईंना शंका आली. त्यांनी तिला विचारलं, "तू विमान चालवतेस का?" सुषमा त्यालाही व्हय म्हणाली. बाईंनी अपील केलं, जामीन मिळवला, आम्हाला सोलापूरच्या त्या डॉक्टरांकडं धाडलं. तोवर चार महिने भोगून झाले होते.

डॉक्टरांचा कागद बघून शिक्षा रद्द झाली. खटला मात्र पहिल्यापासून चालणार आहे. हॉटेलवाल्यानं तिला परत घेतलं नाही.

तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. मी तेवीस वर्षं लपवलं.

सोलापूरहून परतलो त्या संध्याकाळी जेवताना मी सुषमाला सगळं सांगितलं.

"म्हणजे चूक तुझी?"

"माझी."

"मग तुला का न्हाय नेलं?"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव."

तिनं राग धरला नाही. ते उपकार मला अजून सोसत नाहीत.