‘संपलं’ची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातलं सगळं सांगायचो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं प्रकाशन होतं, डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत तांत्रिक पुस्तकं काढायचं. वीजयंत्रांवरचं जाडजूड पुस्तक हाती आलं आणि ते छपाईसाठी कॉम्प्युटरवर कोणत्या पद्धतीनं लावायचं, हा प्रश्न आला. मी पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या बाजूचा. डोंबिवलीत क्लास लावून ते शिकलेलो. सुलभा — माझ्याच बरोबरीची, बीएस्सी — म्हणायची, साध्या मजकुरात खुणा टाकू. इथे शीर्षक सुरू, इथे संपलं; इथे सूत्र, इथे आकृती. मग मशीन बदलो, फॉन्ट बदलो, मजकूर शाबूत राहील. तिचं बरोबर होतं. मला ते तेव्हाच कळलेलं. पण तिची पद्धत निवडली तर कॉम्प्युटरचा नवा विभाग तिच्याकडे जाणार — मग माझं काय? भीती वाटली मला, दुसरं काही नाही.

मालकांनी दोघांनाही एकेक प्रकरण लावून आणायला सांगितलं.

तर — ती डबा खायला गेली. तिची फाइल उघडीच होती, छपाईला द्यायची तेवढी बाकी. मी काय केलं? फार काही नाही. पहिल्या शीर्षकापुढची ‘संपलं’ ही खूण पुसली.

मालकांसमोर छापून आलं ते अख्खं प्रकरण शीर्षकाच्या जाड अक्षरांत, सूत्रांसकट.

“अहो सुलभाताई, हे पुस्तक आहे की दुकानाची पाटी?” मालक हसले. मीही हसलो.

चूक तिनं लगेच शोधली. “संपलं टाकायचंच राहिलं रे. मी तर तपासलेलं!”

“होतं गं असं,” मी म्हणालो.

एका खुणेनं एवढा घोळ होत असेल तर नकोच, असं मालकांनी ठरवलं. विभाग माझ्याकडे आला.

काही वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली. माझं सॉफ्टवेअर तोवर बंद पडलेलं. नव्या मशीनवर फायली उघडल्या तर नुसती अगम्य अक्षरं. सगळं पुस्तक पुन्हा टाइप करायचं होतं. ते काम मी कुणाला दिलं असेल? सुलभालाच.

टाइप करता करता एकदा ती म्हणाली, “तेव्हा तुझंच निवडलं ते बरं झालं. माझ्या वेंधळेपणानं पुस्तकाची वाट लागली असती.”

मी मान डोलावली आणि पुढचं प्रकरण तिच्या टेबलावर ठेवलं.