न पुसलेली लेन्स
परवा गारखेड्यात सुताराच्या दुकानासमोर देवदाराच्या भुश्शाचा वास आला आणि मी थबकलेच. आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या लेन्सखाली, काचपट्टीवर ज्या तेलाचा थेंब टाकायचो, त्याला असाच वास होता. मी तेव्हा शिकाऊ होते. शिकवणाऱ्या मॅडमचा एकच दंडक, स्टुलावरून उठायच्या आधी लेन्सवरचं तेल पुसायचं. विसरलं की सगळ्यांसमोर बोलणी. त्या दुपारी वडील पाचोडहून आले होते. अंगात कसर होती, लई थकवा यायचा, म्हणून त्यांचं रक्त मीच काढलं, काचपट्टीवर पसरून रंगवलं. मॅडम बघायला बसल्या. बराच वेळ बारीक स्क्रू पुढं-मागं करत राहिल्या, काचपट्टी सरकवत राहिल्या. मग उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टरांना बोलव," एवढंच म्हणाल्या. लेन्स तेलानं तशीच चमकत होती. मला खाली वाकून बघायची गरजच उरली नाही. बाहेर बाकावर वडील मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. "झालं का गं? पाचोडची गाडी गावंल ना?" त्यांनी विचारलं. "गावंल की," मी म्हणाले. पाचोडला ते परत गेलेच नाहीत. आता शिकाऊ पोरींना तोच दंडक मी घालते, चुकलं की बोलतेही. फक्त एखादी पोरगी लेन्स न पुसता उठली, तर आधी तिच्या तोंडाकडं बघते.