हात नको, भाकरी फिरव

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर तिचं जुनं पातळ फाडलं. सुती, जांभळ्या काठाचं. ती कात्रीने टोकाला चीर द्यायची, मग एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या, आणि ओढायचं. टर्रकन फाटायचं. गाडीच्या पत्र्यावर हात फिरवताना मध्ये चिंधी घेतली की उंचसखल जास्त कळतं. उघडा हात घामाने अडकतो. चिंधी असली की सरकतो आणि डोळ्याला न दिसणारा खड्डा बोटाला लागतो. कोरं कापड उपयोगाचं नाही. अंगावर वापरून मऊ झालेलंच लागतं.

"माझ्या पातळांनी सगळ्या बसगाड्यांची तोंडं पुसलीत," ती म्हणाली. "माझं कधी पुसलंत?"

"तुझं जरा गप्प राहील तर पुसणार ना!"

"ओढा नीट. म्हणे मिस्त्री!"

चिंध्यांच्या घड्या घालून तिने फडताळात ठेवल्या. "परवा ती पाली गावची पोरगी शिकायला यायची आहे. तिला यातली मऊ बघून द्या," म्हणाली आणि झोपली. सकाळी चहाला हाक मारली तर उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळच्या आत सगळं आटपलं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

मी गाड्यांच्या बॉडी बांधतो. मिनीबस, टेम्पो, जुन्या जीपची मडगार्डं. हल्ली साच्यातले तयार पत्रे येतात, फायबर येतं, तरी हाताने गोलाई काढणारा माणूस लागतोच. घरामागच्या शेडमध्ये पोरांना शिकवतो. म्हणजे लोक म्हणतात मी शिकवतो. पण पहिला धडा तिचा असायचा, स्वयंपाकघरात.

नवं पोर आलं की त्याची एकच चूक. पत्रा तसाच ठेवतं आणि हातोडा सगळीकडे नाचवतं. पत्रा नको तिथे ताणला जातो, फुगतो, मग दाबला की रिकाम्या डब्यासारखा टक्‌-टक्‌ वाजतो. हातोडा एकाच जागी पडला पाहिजे आणि पत्रा त्याच्याखाली फिरला पाहिजे. हे मी दहादा सांगायचो, अकराव्यांदा शिवी द्यायचो. पोरं पळून जायची. एकदा मी असाच ओरडत असताना ती बाहेर आली आणि त्या पोराचा दंड धरून आत घेऊन गेली. त्याच्यासमोर परात ठेवली, तांदळाच्या पिठाचा गोळा दिला, म्हणाली, "थाप. हात नको फिरवू, भाकरी फिरव. भाकरीला कळतं कुठे जायचं ते." ते पोर बाहेर आलं ते पत्रा फिरवायला लागलं. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. आधी काकीकडे भाकरी, मग माझ्याकडे हातोडा. पोरं टिकायला लागली. आज ती पोरं कोल्हापूरपर्यंत कामं करतात.

म्हणून ती गेली त्या रात्री बहीण म्हणाली, "दादा, आता ते शिकवणं पुरे. तुमच्या तोंडापुढे कोण टिकणार?" खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून पेज आली होती. मी वाटी घेऊन पायरीवर बसलो होतो, तर कुंपणाच्या बेड्याजवळ ती पालीची पोरगी उभी. आयटीआय झालेली, पाठीला दप्तर. तिला कोणी कळवलंच नव्हतं. दारात इतक्या चपला बघून ओळखलं असावं.

"कोण गेलं?"

"काकी गेली. तुला शिकवणार होती ती."

तिने दप्तराचा पट्टा सावरला. "मी नंतर येऊ?"

तेव्हा हो म्हणालो असतो तर ते 'नंतर' कधी आलंच नसतं. तिचंही आणि माझंही.

"एसटी गेली ना तुझी?"

"गेली."

"मग कुठे जातेस? हात धू."

मी आत जाऊन परात आणि पीठ घेतलं. बहीण आडवी आली. "दादा, सुतकात चूल पेटवायची नाही. लोक काय म्हणतील?"

"चूल कोण पेटवतोय? नुसतं थापायचं आहे. भाजायचं नाही."

शेडमध्ये चहाचा स्टोव्ह आहे, त्यावर पाणी उकळलं. सुतक घराला, शेडला नाही, असं माझं मी ठरवलं. उकड मळली ती अशी की बायकोने बघितली असती तर परात माझ्या डोक्यावर मारली असती. पोरीने थापायला घेतलं. तिचा हात लागला नाचायला.

"हात नको, भाकरी फिरव," मी म्हणालो. ओरडलो नाही.

भाकरी फाटली. गोळा केला, परत थापली, परत फाटली.

"तुम्ही दाखवा की, मिस्त्री."

मी जन्मात भाकरी थापली नव्हती. बसलो. दोनचार थापा मारल्या असतील.

"तुमचा पण हातच फिरतोय," ती म्हणाली.

बघितलं तर खरंच फिरत होता. मी हसलो, मग जरा वेळ मान खाली घालून नुसताच थापत राहिलो. नंतर परात तिच्याकडे सरकवली.

उन्हं शेडच्या पत्र्यावर आली तेव्हा कुठे एक भाकरी तिच्या हाताखाली आपली आपण फिरली. काठ वाकडा होता, पण फिरली. सगळं पीठ शेजारच्या कोंबड्यांना घातलं, परात घासली. मग घरात जाऊन फडताळातली चिंधी काढली, मऊ बघून, आणि तिला दिली. ती पिठाचे हात पुसायला लागली.

"त्याला नको," म्हटलं. "ती पत्र्याची आहे."