योर्दांकाला कोण उठवतं

"आगं दाफिने, माझी लेक गेली गं!"

"कुठं गेली काकू?"

"मला काय ठावं? रोज ह्या टायमाला दिसती. आज तिचं नाव दाबलं तर ह्यो खोका म्हणतोय, असं कुणी घावत न्हाय. जितीजागती पोर माझी, दोन लेकरांची आय, अन् ह्याला घावत न्हाय!"

"नाव नीट दाबलंसा का पर?"

"मीच ठेवलंय की ते नाव. मी चुकीन व्हय?"

गिना काकू खिडकीतनं अर्धी बाहेर लोंबत होती आणि दहा बोटांना भाजलेल्या मिरच्यांची काळी सालं चिकटलेली होती. खाली अंगणात दाफिनाही तेच करत होती. शरदात आमच्या ह्या डोंगरातल्या गावात, कामेनब्रोदला, दुसरं काही चालतच नाही. दारोदारी भट्टी, पोत्यांनी लाल मिरच्या, गल्लीभर धूर. दाफिनानं चिमटा खाली ठेवला आणि हात पदराला, म्हणजे अॅप्रनला, पुसले.

"बघते. तवर मिरच्या उलथा माझ्या."

"उलथते. पर माझी लेक आण."

कामेनब्रोदच्या घराघरांत जी इंटरनेटची तार गेलीय ती दाफिनाच्या नवऱ्यानं, ल्युबेननं ओढलेली. मोठ्या कंपनीनं ह्या डोंगरात यायला नाक मुरडलं तेव्हा ल्युबेन आणि त्याचा दोस्त स्तामेन, दोघं कौलांवरनं माकडासारखे हिंडले. चर्चच्या घंटेपासून शाळेच्या धुराड्यापर्यंत, तिथनं बेकरीच्या पत्र्यावर. दाफिना तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होती. सुटी झाली की ती खाली शिडी धरून उभी राही. शिडी धरता धरताच शिकली. वर ल्युबेन काय बोलतो ते ऐकायचं आणि पक्कड मागितली की पक्कडच द्यायची. पुढं कारखाना बंद पडला आणि शिडी तेवढी हातात राहिली.

तळघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, ल्युबेननं दोन यंत्रं मांडली होती. एक फायरवॉल, म्हणजे वेशीवरचा राखणदार. आत कोण येतं, बाहेर कोण जातं ते तो बघणार. दुसरं यंत्र नावं सांभाळणारं. आपण पडद्यावर नाव टाकतो, पण यंत्रांचा कारभार सगळा आकड्यांचा. ह्या नावाचं घर कुठल्या आकड्याला, ते सांगणारं कुणीतरी लागतं. कोपऱ्यावरच्या बाकड्यावर बसलेली म्हातारी कशी, नाव घेतलं की घर दाखवते, तसं.

ल्युबेननं त्या यंत्राला आपल्या आजीचं नाव दिलं. योर्दांका. आईबाप गेल्यावर त्या आजीनंच त्याला वाढवलं होतं. आमच्याकडं आजीचं नाव नातीला जातं. ते तिचं देणंच असतं. लग्न झाल्या दिवसापासून ठरलेलं होतं, मुलगी झाली की योर्दांका. मुलगी काही झाली नाही. डॉक्टर झाले, मठातलं पाणी झालं, अमक्या बाईची मुळी झाली. मग एका संध्याकाळी नवं यंत्र आणून ल्युबेननं विचारलं, "हिचं नाव काय ठेवूया?" आणि दोघं एकमेकांकडं बघून इतकी हसली की दाफिनाला जिन्यावर बसावं लागलं. हसून झाल्यावर ती थोडी रडली. नाव मात्र ठरलं.

पुढं ल्युबेन कामासाठी स्पेनला गेला. थोड्या महिन्यांचं आहे म्हणाला. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग ईस्टरला. आता दोन ईस्टर कोरडे गेले होते. पण जाताना त्यानं वेशीला आपल्यासाठी एक चोरदरवाजा ठेवला होता, तिकडनं आत येऊन यंत्रं बघता यावीत म्हणून. आणि योर्दांका म्हातारी झालेली, मधूनच मान टाकायची. दाफिना जिना उतरून जाईतो ती पुन्हा उठून कामाला लागलेली असायची.

"त्यानं बघितलं असंल," दाफिना म्हणायची. "फोन करत न्हाय, पर लक्ष हाय त्याचं."

गल्ली नुसती मान हलवायची. तिनं स्वतःही कधी खोलात जाऊन बघितलं नव्हतं, कोण आलं, कधी आलं. बघायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. पण झाकण घट्ट बसलेल्या बरणीला आपण हलवून बघतो, आत आहे म्हणतो आणि पुन्हा फळीवर ठेवतो. तिचं तसंच चाललं होतं.

म्हणूनच, चोरदरवाजा त्यात बुजून जाईल ह्या भीतीनं, फायरवॉलची नवी आवृत्ती घ्यायला ती मागं सरत होती. जुनीला आता कुणी वाली नव्हता. पलीकडच्या गावात चोरांनी पंचायतीची सगळी यंत्रं बाहेरनं कुलूप घालून ठेवली, तेव्हा स्तामेन हात धुऊन मागं लागला. आज सकाळी दोन्ही यंत्रं बंद करून तिनं ते केलं. आधी चोरदरवाज्याची ओळ जपून बाजूला काढून ठेवली आणि नवा राखणदार उभा राहिल्याबरोबर ती पहिल्यांदा परत बसवली. बाकीचे नियम त्याचे तो वाचेल म्हणून ती मिरच्यांकडं गेली. मागोमाग गिना काकूची लेक हरवली.

तळघरात आली तर योर्दांका आडवी. दाफिना हात लावणार, तेवढ्यात ती आपोआप उठली. हिरवा दिवा लागला. जरा चालली, श्वास कोंडल्यासारखी जड झाली आणि पुन्हा पडली. पुन्हा उठली.

दाफिना तशीच स्टुलावर टेकली. पडत होती ते वाईटच. पण प्रत्येक वेळी कुणीतरी तिला उठवत होतं! म्हणजे तो आला होता. दरवाजा टिकला होता. इतक्या दिवसांनी दोघं मिळून एका कामावर बसली होती, तो तिथनं आणि ती इथनं. तिनं केसांतली राख झटकली. कुणी बघत नव्हतं, तरी झटकली.

"आलास व्हय," ती पुटपुटली. "थांब. मीबी बघते. तू एकटा नको मरूस."

स्तामेन जिना उतरून आला. त्याचा फोन सकाळपासून वाजून तापला होता.

"बेकरीवाला म्हणतोय, तुझ्या बायकोनं इंटरनेटात बी मिरच्या भाजल्या का काय?"

"तुझ्या बायकोनं? तू कवापासनं माझा नवरा झालास?"

"आरं देवा, ती शिवी त्यानं दिलीय, म्या न्हाय. काय झालंय?"

"नवा राखणदार आला अन् योर्दांका पडाय लागली. पर ल्युबेन हाय. बघ, उठवतोय तो तिला."

स्तामेननं दाढी खाजवली आणि बरण्यांकडं बघत राहिला.

"आधी एक कळाय पाहिजे," दाफिना म्हणाली. तिचा आवाज आज हलका होता. "दगड बाहेरनं येत्यात का घरातच वासा मोडलाय. बाहेरची तार काढते जरा."

"दाफिने, राहू दे. दुसरं कायतरी बघू."

"दुसरं काय? त्यानंच शिकवलंय मला. आधी तार काढायची."

तिनं भिंतीतनं येणारी तार उपसून हातात धरली. आता कामेनब्रोदचा जगाशी काडीचा संबंध उरला नव्हता. वर गल्लीत कुणीतरी शिवी हासडली. घराघरांतनं नावं अजून विचारली जात होतीच. योर्दांका जड झाली आणि पडली.

"बघ! म्हणजे मोडलंय ते आतच. बाहेरचं काही..."

हिरवा दिवा लागला. योर्दांका उठली होती.

दाफिनानं हातातल्या तारेकडं बघितलं. तारेचं टोक हवेत होतं. योर्दांका पुन्हा पडली आणि पुन्हा उठली.

"स्तामेन, तार माझ्या हातात हाय न्हवं?"

"हाय."

"मग हिला उठवलं कुणी?"

स्तामेन खाली बसला. गडी आडदांड, पण बसताना म्हातारा झाल्यासारखा बसला.

"एक लहान काम लावून ठिवलंय त्यानं यंत्रातच. पडली की उठवायचं, एवढंच. जायच्या आधी केलं. म्हणला, आता मला बलवायचं कारण न्हाय."

"अन् तुला ठावं हुतं."

स्तामेननं मान डावीउजवीकडं हलवली. आमच्याकडं त्याला होकार म्हणतात.

"तो आत आलाच न्हाय? कवाच?"

"सुरवातीला आला असंल. मागं बोललो त्याच्याशी. योर्दांका अजून चालती का म्हणून हासला. पासवर्ड बी इसरलोय म्हणला."

"तू बोललास त्याच्याशी? कवा?"

"दाफिने..."

"कवा, स्तामेन?"

"त्याच्या पोरीचा बाप्तिस्मा हुता. त्यानं फोन केल्ता."

मिरच्यांचा धूर जिन्यावरनं खाली उतरत होता. दाफिनानं ती तार दोन बोटांत फिरवली. विचारायचं तर नव्हतं. आमच्याकडं मूल झालं म्हटलं की पहिला प्रश्न तोंडातनं जातोच, कुणाचं नाव ठेवलं म्हणून. तिच्याही तोंडातनं तो गेला आणि जाता जाताच तिला उत्तर कळलं. तिचा हात आधीच वर आला होता, राहू दे म्हणायला.

"आजीचंच ठिवलं," स्तामेन म्हणाला.

खोका तेवढ्यात पडला आणि उठला.

ती रडली नाही. पोटात कुणी लाथ घातली की माणूस आधी श्वास शोधतं, रडणं मागनं येतं. ती स्टुलावर बसून श्वास शोधत राहिली. वरनं गिना काकू ओरडली, "दाफिने, घावली का माझी लेक?" ती लेकही स्पेनलाच, त्याच शहरात. म्हणजे काकूलाही ठाऊक. बेकरीवाल्याला ठाऊक. त्यानं बघितलं असंल, असं ती म्हणायची तेव्हा अख्खी गल्ली हळहळून मान हलवायची आणि ती त्याला होकार समजायची.

"जातो म्या," स्तामेन म्हणाला.

"कुठं जातोस? बस. आत मोडलंय ते घावलं कुठाय अजून?"

तिनं घरांकडं जाणाऱ्या तारा एकेक करून उपसल्या. एकटी गिना काकूची ठेवली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "काकू, दाबा लेकीचं नाव. एकदाच." आणि परत येऊन पडद्यावर बघत बसली. काकूचा प्रश्न आला. योर्दांकाला उत्तर येत नव्हतं, म्हणून ती विचारायला वेशीवर गेली. लगेच तोच प्रश्न पुन्हा योर्दांकाकडं आला. विचारणारं कोण? योर्दांका. पुन्हा गेली, पुन्हा आली. एका प्रश्नाची ओळ खाली खाली वाढत गेली.

"सवताच सवताला इचारतीया," स्तामेन म्हणाला.

दाफिनानं नियम उघडले. ल्युबेनचा नियम साधा होता. घरातल्या कुणीही नाव विचारायला बाहेर जायचं नाही, राखणदारानं त्याला योर्दांकाकडं परत पाठवायचं. फक्त योर्दांकाला बाहेर सोडायचं. आणि ती सूट त्यानं नावावर लिहिली होती, आकड्यावर नाही. कामेनब्रोदचा खरा माणूस. इथं घराला नंबर विचारला तर लोकांना राग येतो, कुणाच्यात जायचंय ते विचारा म्हणतात. जुना राखणदार नाव ओळखत होता. नवा आधी नियम वाचतो आणि तो वाचत होता तेव्हा योर्दांका अजून उठलीही नव्हती. योर्दांका कोण, हे त्याला सांगणार कोण? ते सांगणारी एकटी योर्दांकाच. मग त्यानं ती सूट टाकून दिली. तेव्हापासून म्हातारी दाराशी जात होती आणि दारावरनं तिला सांगत होते, योर्दांकाला विचार. ऊर भरेतो ती विचारत राहायची आणि पडायची.

"आकडा घाल तिथं," स्तामेन हळूच म्हणाला.

दाफिनानं बोट त्या नावावर नेलं. एकेक अक्षर मागनं पुसत आली, पहिल्या अक्षराशी थांबली आणि तेही पुसलं. तिथं आकडा लिहिला. त्याखालीच चोरदरवाज्याची ओळ होती, सकाळी तिनंच जपून बसवलेली. ती वाचायचीही तिनं तसदी घेतली नाही. पुसली.

"अन् ते उठवायचं काम?" स्तामेननं विचारलं. "ते बी काढायचं?"

"ते असू दे. म्हातारीला उठवाय कुणीतरी पायजे."

राखणदार नव्यानं उभा केला. योर्दांका वेशीवर गेली, उत्तर घेऊन आली. घरांच्या तारा लागल्या आणि शेवटी भिंतीतली. दोघं बघत बसली. हिरवा दिवा हलला नाही. स्तामेननं फळीवरनं एक बरणी उचलून पुसली आणि परत ठेवली.

दोघं वर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गिना काकूच्या खिडकीतनं लेकीचा आवाज येत होता, "आई, तोंडाला काळं काय लागलंय?" काकूनं पडद्यावर हात ठेवला, खाली वाकली आणि दाफिनाच्या तोंडावरनंच ओळखलं.

"दाफिने, पोरी, तुला सांगायचं म्हणून किती डाव..."

"काकू, मिरच्या करपल्या की ओ माझ्या!"

"आगं बया! बोलता बोलता..."

"काढा आता तेवढ्या. सालं सोडवून घेऊ, आत बऱ्या असत्यात."

तिच्या खिशात फोन वाजला. शाळेच्या कौलावरची तार वाऱ्यानं सुटली होती.

"येते," तिनं सांगितलं. मग स्तामेनकडं वळली. "शिडी घे. आज मी वर जाते, तू धर."

"पाय थरथरतायत तुझं."

"म्हणूनच नीट धर."

आणि पक्कड कमरेला खोचून ती गल्लीनं पुढं निघाली.