मोहाखालची घाणेरी

घाणेरीचं नाव काढलं की अजून मला मळमळतं. बरं, ती आमच्या पाड्यावर आणली कोणी? मीच.

नवापूरकडे एका साहेबाच्या बंगल्यावर मी बागेला पाणी घालायचो. तिथल्या कुंपणाला हे झाड. एकाच गुच्छात पिवळी नि गुलाबी फुलं. ढोरं तोंड लावत नाहीत, असं माळी बोलला. मला दरवर्षी बांबू फोडून घराभोवती कुडाचं कुंपण बांधायचा भारी कंटाळा. चार फांद्या तोडल्या, फेट्यात खोचल्या आणि नवरदेवासारखा घरी आलो.

उंदीर मेल्याचा वास यावा तसं बायकोनं नाक दाबलं. "काय मरनं रे तुन्हा डोकावर?"

"साहेबना बंगलानं फूल शे."

"मंग साहेबलेच हुंगू दे!"

फांद्या मी कुडाच्या जागी रोवल्या. दोन पावसाळ्यांत कुंपण माझ्या डोक्यावर गेलं. काळी काळी फळं धरली. पाखरं ती खायची, आमच्या मोहाच्या झाडावर जाऊन बसायची आणि खाली हगायची. मोहाखाली घाणेरीचं रान माजलं.

मोहाची फुलं म्हणजे आमचं अर्धं पोट. ती पहाटे गळतात, म्हणून आधीच झाडाखालचा पाला जाळून जमीन अंगणासारखी साफ करायची. आता फुलं घाणेरीच्या काट्यांत पडणार नि तिथंच सडणार. बायको म्हणाली, "मुळासकट खणी काढ."

कुदळ कोण मारणार? मी म्हटलं, पाल्यासारखी हीपण जाळू.

पाल्याची आग घोट्याएवढी असते. ही घाणेरी तेल प्यायल्यासारखी भडकली. जाळ थेट फांद्यांना लागला. मी धोतर सोडून त्यानंच आग झोडत सुटलो. लोक धावत आले, पण आग बघावी की मला बघावं, हेच त्यांना कळेना. मोहाच्या कळ्यांचे झुबके सगळे करपले.

आमच्यात ज्याचा मोह त्यानंच वेचायचा. दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणं लाजेचं. बायको टोपली घेऊन माहेरी गेली, भावाकडे हात पसरायला. इकडे घाणेरीच्या जळक्या बुडख्यांना हिरवेगार कोंब आले. मग मात्र मी रोज कुदळ मारली. तो घाण वास नखांत शिरला, भाकरीला लागला.

महिन्यानं बायको आली. भावाच्या झाडाची फुलं शिजवली, पानावर वाढली आणि लांबूनच माझ्याकडे सरकवली. "खाय."

मेहुण्याचा मोह गोड होता. पण घास घेताना माझाच हात तोंडाशी आला की मला ओकारी येत होती.