सुभेदारमामांचं शक्तीचं लॉकेट

सुभेदारमामा लॉकेट बुडवल्याशिवाय पाणी पीत नसत. माझ्या आत्याचा हा नवरा, फौजेतून निवृत्त होऊन कवठे महांकाळला स्थायिक झालेला, कुणाच्या बापाला घाबरायचा नाही. पण कुठल्याशा हॉटेलातल्या मीटिंगला एका कोटवाल्या पोरानं त्यांच्या गळ्यात ते काळं लॉकेट घातलं आणि मामा गारद झाले. "ह्यात ज्वालामुखीची ताकद हाय गड्या!" गुडघेदुखी असो, साखर असो, की म्हशीचं आटलेलं दूध, त्यांचा इलाज एकच.

आत्याचे हात थरथरू लागले, अंग झडलं, तेव्हा दुसरं लॉकेट तिच्या गळ्यात पडलं. ती वाळतच गेली. शेवटी मी भांडून दोघांना सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड बेफाम झालाय, किरणोत्सारी आयोडीन द्यावं लागेल.

मामा ताडकन उठले. "किरणाचं इख? माज्या बायकूला? न्हाई जमायचं!"

तेवढ्यात तिथल्या माणसानं किरणं मोजायचं यंत्र आत्याजवळ आणलं आणि ते किरकिरू लागलं. औषध तर अजून डबीतच होतं! बाईंनी तिचं लॉकेट काढून लांब धरलं, तर यंत्र तिकडे नेताच कोकलायला लागलं.

"आजोबा, यात थोरियमची भुकटी आहे. किरणं आहेत, गुण काही नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत असंच रेडियमचं पाणी प्यायचे, ताकदीसाठी. हाडं सडली लोकांची."

मामा मटकन खाली बसले. डोळे भरून आले त्यांचे. "म्हंजी मीच घातलं व्हय हे तिच्या गळ्यात?"

"आजार यानं झालेला नाही. पण उपचाराला उशीर मात्र झाला."

"मग द्या काय द्यायचं ते," मामा पुटपुटले. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

आत्यानं गोळी गिळली. बाईंनी बजावलं: काही दिवस वेगळी खोली, वेगळी ताटवाटी, नातवंडांना जवळ घ्यायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. आत्यानं तोंडाला पदर लावला. "आगं बया! ह्या वयात मला पुन्यांदा कावळा शिवला!"

घरी मामांनी चूल हाती घेतली. उंबऱ्यावर कप ठेवून "चाय तैयार!" ओरडायचे आणि मागे सरकायचे. भाकरीचा आकार रोज निराळा. खाटेवरून आत्या सांगायची, "आवं, पीठ मळा, मारामारी करू नगा."

ठरलेले दिवस सरले. बाईंचा फोन आला, "आजी, मोकळ्या झालात. आता स्वयंपाकघरात जायला हरकत नाही."

आत्यानं पिठानं माखलेल्या मामांकडे एकदा पाहिलं आणि फोनवर हळूच विचारलं, "बाई, आनखी एक गोळी मिळंल का?"