चेतकची उलटी पाती

माझ्या मेहुण्याच्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या नजरेत पास केलेली नाही, आणि या वस्तूंमध्ये त्यांचा जावईही धरलेला आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. मशिनवरून उतरलेला माल हातात घ्यायचा, शेजारी ड्रॉइंग ठेवायचं, मोजायचं, आणि चुकला असेल तर त्याला लाल चिठ्ठी बांधायची, एवढंच काम. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी आठ दिवस रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं, ते दिवसाला अकरा सेकंद मागे पडतं असा निष्कर्ष काढला आणि लाल चिठ्ठी बांधून कंपनीच्या गेटवर परत नेऊन दिलं. नारळ मात्र ठेवून घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, "नारळाला ड्रॉइंग नसतं."

त्यांचं घर निघोज्यात, जुन्या गावठाणात. शेत औद्योगिक वसाहतीत गेलं, आणि जिथे त्यांच्या वडिलांचा बैलगोठा होता तिथून आता तिन्ही शिफ्टच्या बसगाड्या वळतात. घरात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्निअर असतो. तो चष्म्याच्या घरात ठेवलेला असतो आणि चष्मा देवळीत. भाकरी ताटात पडली की कडेची जाडी आणि मधली जाडी यांत किती फरक आहे हे ते बघतात. बोलत काही नाहीत, फक्त काकूंकडे एकदा पाहतात. काकूंचं यावर एकच म्हणणं आहे. "ह्यांना भाकरी न्हाई, वॉशर पायजे." देवघरातल्या तसबिरी पाणसळ लावून टांगलेल्या आहेत. मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांनी तीनदा परत पाठवलं, कारण कार्यालयाकडे जाण्याच्या नकाशात उत्तर दिशा वीस अंशांनी कलली होती. छापणाऱ्याने हात जोडून सांगितलं, "काका, पाहुणे होकायंत्र घेऊन येणार नाहीत." काका म्हणाले, "एखादा आला तर?"

माझ्या मेहुण्याला बघायला बोलावलं तेव्हा त्यांनी त्याला दारापासून फाटकापर्यंत चालून परत यायला सांगितलं. आम्हाला वाटलं, गाडीला काही आडवं आहे का ते बघायला सांगत असतील. तो परत आल्यावर म्हणाले, डावा खांदा थोडा खाली आहे. आमच्याकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग त्यांनीच खुलासा केला की कारखान्यात एखादा नग ड्रॉइंगला तंतोतंत नसतो, पण चालण्यासारखा असतो. तेव्हा साहेबाची सही घेऊन तो घेतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. "आपण यांना डेव्हिएशनवर घेऊ." माझा मेहुणा आजही नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना डेव्हिएशनवर पास झालेला जावई अशीच करून देतो.

अशा माणसाकडे एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर होतं, आणि ते खेळणं आहे असं त्यांच्यासमोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यांचे धाकटे भाऊ, बाळूअण्णा, तरुणपणी हवाई दलात गेले आणि चेतक हेलिकॉप्टरचे मेकॅनिक झाले. पहिल्या मोठ्या रजेवर घरी येताना त्यांनी दादासाठी कुठल्याशा मोठ्या शहरातून परदेशी बनावटीचा एक खोका आणला. त्यात त्याच जातीच्या हेलिकॉप्टरचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. खऱ्याचा बहात्तरावा भाग. जोडून, रंगवून तळहातावर मावेल एवढं यंत्र तयार व्हायचं. दुसऱ्या कोणी ते एका रविवारी जोडलं असतं. काकांनी आधी येणाऱ्या मालाची तपासणी सुरू केली. प्रत्येक भाग मोजला, सोबतच्या माहितीपत्रकातल्या आकृतीशी ताडला आणि वहीत लिहिला. चाकं अंडाकृती निघाली. पुढची काच जाड. दाराच्या दोन्ही बाजूंत केसाएवढा फरक. तो केस त्यांनी काकूंचा घेतला आणि मोजला. नोकरी चालू असेपर्यंत काम सवडीने चालायचं, म्हणजे वर्षाला एखादा भाग. चिकटवायची चिन्हं खोक्यातच पिवळी पडली, तेव्हा ती त्यांनी ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून लावून पांढरी करून घेतली. फटी बुजवायला लांबी बाजारातली नाही घेतली, खोक्यातल्याच प्लॅस्टिकच्या उरलेल्या काड्या विरघळवून केली, कारण "धातू एकच पाहिजे." प्लॅस्टिकलाही ते धातूच म्हणतात.

निवृत्तीनंतर वेग वाढला आणि मुलीच्या साखरपुड्यापर्यंत हेलिकॉप्टर जवळजवळ पुरं झालं. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ते ठेवलेलं होतं. साखरपुड्याला बाळूअण्णा तळेगावहून आले. निवृत्त होऊन ते तिथे राहत होते. अंगठ्या घालून झाल्या, पंगत मांडायची होती, आम्ही मुलाकडची माणसं कौतुकाने कपाटासमोर उभे होतो. अण्णा आले, वाकून बघितलं आणि हसून म्हणाले,

"दादा, पाती उलटी लागलीत."

काका म्हणाले, "उलटी म्हणजे?"

"आपला चेतक वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. पात्याची जाड कड पुढं पाहिजे, पातळ मागं. हे उलटं फिरणारं झालंय."

काकांनी कपाटाच्या खणातून माहितीपत्रक काढलं. त्यात वरून दिसणारी आकृती होती आणि तिच्यावर वळलेला बाण. बाण अण्णांच्या म्हणण्याच्या उलट दिशेने होता. "ड्रॉइंग आहे," काका म्हणाले.

"ड्रॉइंग चुकलं असंल."

चौतीस वर्षांत काकांनी माल चुकलेला पाहिला होता, मशिन चुकलेलं पाहिलं होतं, माणसं तर रोजच चुकायची. ड्रॉइंग चुकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "तू खालून बघितलंस, बाळू. खालून बघितलं की दिशा उलटी दिसते."

"बावीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर चढून ग्रीस भरलंय, दादा."

"ग्रीस भरणं वेगळं, इन्स्पेक्शन वेगळं."

मुलाकडच्यांपैकी कोणीतरी हसलं. ते हसू आमच्यातल्याच एकाचं होतं, आणि त्याला त्यात काही वाईट म्हणायचं नव्हतं. अण्णांनी चपला घातल्या. काकू मागे धावल्या, "अवं भाऊजी, पानं मांडलीत, दोन घास तरी." अण्णा म्हणाले, "वैनी, आमी ग्रीस भरणारी माणसं, आमाला कुठं पंगतीतलं कळतंय." आणि मोटारसायकलला लाथ मारून निघून गेले. लग्नाला ते आले, अक्षता टाकल्या, आणि न जेवता गेले. त्यानंतर सहा वर्षं दोघा भावांमध्ये शब्द नव्हता. निघोज्याहून तळेगावला जायला दुचाकीवर तासही लागत नाही. दिवाळीचा फराळ काकू एकट्या पोचवून यायच्या. परत आल्यावर काका विचारायचे, "डबा परत आणला का?" त्यांना विचारायचं असायचं ते दुसरंच असायचं, आणि काकू त्याचंच उत्तर द्यायच्या. "बरं हायेत. गुडघं दुखतात म्हणत हुते."

मला त्यांनी जवळ केलं ते मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून. मुद्रितशोधन हे त्यांच्या मते इन्स्पेक्शनच, फक्त हलक्या धातूचं. गेल्या वर्षी एका बागेत जुनं निवृत्त चेतक हेलिकॉप्टर शोभेसाठी ठेवल्याची बातमी आमच्याकडे आली. मी सहज त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते, धुतलेला सदरा, खिशात व्हर्निअर. "पाती खाली झुकलेली असतात," म्हणाले. "टोकाला हात पोचेल."

हात पोचला नाही. चौथऱ्यावर चढल्यावरही वीतभर कमी पडत होता. मराठवाड्यातला एक रखवालदार धावत आला. "ओ काका, उतरा की खाली. तुम्ही पडलात तर माझी नोकरी जाईल."

"तुमच्याकडे स्टूल आहे का?" काकांनी विचारलं.

"स्टूल कशाला?"

"या पंख्याची कुठली कड जाड आहे ते बघायचंय."

रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी प्रेसचा आहे म्हणालो. एवढ्याने त्याचं काही समाधान झालं नाही. पण माणूस भला होता. त्याने आपली प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि स्वतःच तिचे पाय धरून बसला. काकांनी पात्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. मग डोळे मिटून परत फिरवलं. व्हर्निअर त्यांनी खिशातून काढलाच नाही. खुर्चीवरून ते उतरले आणि रखवालदाराचे आभार मानले. फाटकाशी म्हणाले, "बाळूचं बरोबर होतं." आणि थोडं पुढे गेल्यावर, "मुलाकडच्यांच्या देखत बोललो मी त्याला."

दुरुस्ती वाटते तेवढी सोपी नव्हती. तिन्ही पाती, प्रत्येक साडेसात सेंटिमीटरचं, काढून पालथी लावली की जाड कड पुढे येत होती. पण उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, आणि तो झोक साच्यातच दिलेला होता. पालथी केल्यावर पाती आकाशाकडे वाकली. म्हणजे प्रत्येक पातं गरम पाण्यात धरून उलट्या बाजूला वाकवायचं. प्लॅस्टिक चाळीस वर्षांचं, ठिसूळ. तुटलं तर दुसरं जगात कुठे मिळेल याची खात्री नाही. काकूंच्या चहाच्या पातेल्यात हे काम दोन आठवडे चाललं. दुसरं पातं बुडाशी तडकलं तेव्हा काका दिवसभर जेवले नाहीत. काकूंनी शिवणाची सुई तोडून दिली. तिचा तुकडा आत घालून त्यांनी सांधा जोडला. तो सांधा भिंगातून बघूनही मला दिसला नाही. "मला दिसतो," ते म्हणाले.

मग मला गाडी घेऊन यायला सांगितलं. हेलिकॉप्टर बुटांच्या खोक्यात, खोक्यात कापूस, खोका मांडीवर. तळेगावपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला ते खोका उचलून हवेत धरत होते. अण्णा अंगणात नळाची तोटी खोलून बसले होते. भावाला बघून उठायला गेले, गुडघ्याला हात लावून परत बसले.

"ये," म्हणाले. "बस की."

"बसायला न्हाई आलो." काकांच्या तोंडी गावची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"मग काय उभ्यानं चहा घेनार?"

काकांनी खोका त्यांच्यापुढे ठेवला आणि वर एक कागद. काकांना माफी मागता येत नाही. कारखान्यात चुकीचा माल बाहेर गेला की गिऱ्हाइकाला द्यायचा एक अहवाल असतो, तो त्यांना येतो. दोष: मुख्य पाती उलट्या दिशेची. मूळ कारण या रकान्यात आधी "ड्रॉइंग चुकीचे" असं लिहिलं होतं आणि ते रेघ मारून खोडलं होतं. खाली होतं: "माणूस समोर असताना कागदाला विचारले." दुरुस्ती: पाती पालथी करून, वाकवून बसवली. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय: बाळूला विचारणे. तपासणारा या शब्दापुढे काकांची सही. मंजुरी या शब्दापुढची जागा मोकळी.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. हेलिकॉप्टर उचललं, डोळ्यांजवळ नेलं, सगळीकडून फिरवून पाहिलं, शेपटीपाशी जरा थांबले. मग एका बोटाने पातं ढकललं. घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं. "पेन हाय का?" म्हणाले. सही केली. "लई छान झालंय, दादा." आम्ही चहा घेतला, पोहे खाल्ले. गुडघ्यांवर, जावयावर, नळाच्या तोटीवर बोलणं झालं. हेलिकॉप्टर तिथेच ठेवून आम्ही निघालो.

चाकणच्या अलीकडे ट्रकच्या रांगेत अडकलो असताना काका म्हणाले, "शेपटीच्या छोट्या पंख्याच्या टोकांना धोक्याचा लाल पट्टा असतो. माणसं कापली जाऊ नयेत म्हणून. मी तो रंगवला नाही."

"राहिला?"

"ठेवला. त्याला सापडावा म्हणून." ट्रक थोडे सरकले. "त्याला सापडला. मी बघितलं ना, तिथं थांबला होता. पण बोलला न्हाई. पाहुण्याला म्हणतात तसं छान झालंय म्हणाला."

निघोजे येईपर्यंत रिकामा खोका त्यांच्या मांडीवरच होता.

पुढचं काकूंनी सांगितलं. पंधरा दिवस फोन वाजला की काका आधी उठायचे. विमेवाल्यांशी आणि चुकून लागलेल्या नंबरांशीही ते त्या दिवसांत फार नीट बोलले. सोळाव्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन आला. तिकडून बराच वेळ इकडचं तिकडचं चाललं होतं, मग म्हणाले, दादा, राग न्हाई ना धरणार, एक सांगायचं राहिलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय?" म्हणाले. "माझ्या नजरंतनं सुटलं की रं ते."

चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही त्यांनी खोटा रिपोर्ट दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. अण्णा म्हणाले, रविवारी येतो, लाल रंग घेऊन येतो. काकांनी फोन ठेवला नाही. तिकडून बंद झाल्यावरही तो तसाच कानाला धरून ते बसून राहिले, आणि काकूंनी चहा आणून ठेवला तो गार झाला.